आईच्या रिपोर्टमध्ये "हेटेरोटोपिक पॅन्क्रियाज"मधला कॅन्सर लिहिलाय, पण गाठ तर आतड्यात होती ना?

कृष्णाकाठचा_पिंट्या

नमस्कार मंडळी, मी इथं जास्त करून ऊस आणि जुन्या गाड्यांच्या धाग्यांवर पडीक असतो, आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगतो.

आई, वय ५८, कराडजवळचं गाव. मागच्या दिवाळीच्या आधीपासून तिला जेवल्यावर तासाभरानं पोटात मुरडा यायला लागला. फराळाचं करताना झारा हातात धरूनच मधेच खाली बसायची आणि म्हणायची वारं धरलंय, ओवा खाल्ला की जाईल. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, दोन महिने त्यातच गेले. मग उलट्या, वजन ७ किलो उतरलं, हिमोग्लोबिन ७.८. सोनोग्राफी दोनदा केली, नॉर्मल. वरून दुर्बीण घातली नॉर्मल, खालून घातली नॉर्मल. एका मोठ्या दवाखान्यात तर बाईंना टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी लिहून दिली, त्याचा राग अजून डोक्यात आहे पण असो.

शेवटी संक्रांतीनंतर एका रात्री पोट टम्म फुगलं, हिरव्या उलट्या, नाकात नळी, तातडीनं सीटी काढला तर लहान आतडं एका जागी बंद झालेलं. त्याच रात्री ऑपरेशन. सर्जननी मला ओटीच्या दारात बोलावून ट्रेमधला तुकडा दाखवला, २२ सेंटिमीटर आतडं, एका जागी कुणीतरी सुतळीनं आवळल्यासारखं. त्यांनी बोटानं दाबून दाखवलं, म्हणाले इथं कडक लागतंय बघा. मी बघितलं आणि मान डोलावली, खरं सांगायचं तर मला काही कळलं नाही, पाय लटपटत होते.

१० दिवसांनी रिपोर्ट आला. शब्दच्या शब्द लिहितो, 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड अडेनोकार्सिनोमा अरायझिंग इन हेटेरोटोपिक पॅन्क्रिॲटिक टिश्यू, जेजुनम'. पुढं पीटी३ एन१, १४ पैकी २ लसीका गाठींमध्ये लागण, दोन्ही कडा मोकळ्या. आणि आयएचसी म्हणून सीके७ पॉझिटिव्ह, सीके२० निगेटिव्ह, सीडीएक्स२ निगेटिव्ह असलं काहीतरी.

आता माझा गोंधळ. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड ना, ते जठराच्या मागं असतं एवढं शाळेत शिकलोय, मग ते आतड्यात कुठनं आलं? हा स्वादुपिंडाचा कॅन्सर धरायचा की आतड्याचा? कारण गूगलवर स्वादुपिंडाचा बघितला की जीवच जातो. त्यात दोन कॅन्सरवाल्या डॉक्टरांना दाखवलं तर एक म्हणतात केपॉक्स नावाची केमो द्या, दुसरे म्हणतात फोलफिरिनॉक्स द्या. दोघांतलं कोणीतरी चुकतंय हे नक्की, पण कोण? ऑपरेशन होऊन साडेतीन आठवडे झालेत, उशीर होतोय का याचीही धास्ती आहे. आणि हे आनुवंशिक असतं का, मला आणि बहिणीला पण होईल का. आईला अजून "गाठ होती, काढली" एवढंच सांगितलंय.

कोणाच्या घरात असलं काही झालंय का, कोणी डॉक्टर असतील तर प्लीज.

---

उगाचच_काळजीत

पिंट्या, वाचून वाईट वाटलं रे, काकूंना लवकर बरं वाटू दे.

कॅन्सर नाही पण हे हेटेरोटोपिक प्रकरण माझ्याकडे आहे. २०१५ ला गॅसेससाठी एंडोस्कोपी केली तेव्हा जठराच्या खालच्या भागात छोटासा उंचवटा दिसला आणि त्याच्या मधोमध बेंबीसारखा खड्डा. डॉक्टर स्क्रीनवर दाखवत म्हणाले ही बेंबी म्हणजे त्या चुकार स्वादुपिंडाच्या नळीचं तोंड. मी घरी येऊन रात्रभर जागा, सकाळी डोळे लाल. काढायचं का विचारलं तर म्हणाले कशाला, त्रास देत नाही तर राहू दे. अजून तसंच आहे, मिसळ खातो, काही झालेलं नाही. पण तुझं वाचून आता परत पोटात गोळा आलाय. 😐 माझंपण असंच होईल का हे कोणीतरी सांगा.

---

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज हेच काम. पिंट्याभाऊ, जमेल तसं लिहिते, मधेमधे रिपोर्ट बघायचे असतात त्यामुळे तुटक होईल.

आधी ते तिथं आलं कसं. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा स्वादुपिंड म्हणून वेगळं काही नसतंच, आतड्याच्या नळीला दोन कोंब फुटतात, एक पुढून एक मागून. मग आतडं वळतं तसा पुढचा कोंब फिरून मागच्याला जाऊन मिळतो, साधारण सातव्या आठवड्यात दोघं एकजीव होतात आणि आपलं नेहमीचं स्वादुपिंड तयार होतं. तुम्ही शेतकरी आहात म्हणून सांगते, पाभरीनं पेरताना चार दाणे बांधावर सांडतात आणि तिथंच उगवतात ना, तसं या फिराफिरीत त्या पेशींचे काही दाणे जठराच्या, आतड्याच्या भिंतीत सांडतात अशी एक उपपत्ती आहे. दुसरी अशी की आतड्याच्याच काही पेशी चुकीचा सिग्नल मिळून स्वादुपिंडासारख्या घडतात. काहीही असो, मूळ स्वादुपिंडाशी त्या तुकड्याचा ना नळीनं संबंध ना रक्तवाहिनीनं, हीच त्याची व्याख्या. तेव्हा आईंचं स्वादुपिंड आतड्यात "गेलं" नाही, ते आपल्या जागीच आहे. हा वेगळा, जन्मापासूनचा तुकडा.

हे नवीन पण नाही हो, १७२७ साली पहिल्यांदा नोंद झाली, तीही आतड्याच्या एका पिशवीत सापडलेल्या तुकड्याची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खात्री व्हायला १८५९ उजाडलं. कुठं सापडतं तर सगळ्यात जास्त जठर, मग ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, मग जेजुनम म्हणजे त्याच्या पुढचा. शवविच्छेदनांच्या मालिकांमध्ये अर्ध्या टक्क्यापासून पार १३-१४ टक्क्यांपर्यंत लोकांत सापडलंय, किती बारकाईनं शोधलं त्यावर आकडा हलतो. पोटाच्या वरच्या भागाच्या साधारण ५०० ऑपरेशनांत एकदा सर्जनच्या हाताला लागतं. म्हणजे इथं हा धागा वाचणाऱ्यांतही दोनचार जणांच्या पोटात असेल आणि त्यांना कधीच कळणार नाही. उगाचच_काळजीत, तुमचं आयडी सार्थ आहे. त्यात कॅन्सर होणं फार म्हणजे फार विरळ, मी २१ वर्षांत एकदाच बघितलाय. मिसळ खा. पोटात नवीन काही त्रास झाला, रक्त गेलं, तर मात्र दाखवा.

आता रिपोर्टकडे. हे निदान उगीच कोणी लिहीत नाही. १९९४ मध्ये गिलू आणि सहकाऱ्यांनी निकष मांडले ते आम्ही अजून वापरतो. एक, गाठ त्या चुकार तुकड्याच्या आत किंवा अगदी लगत हवी. दोन, साध्या स्वादुपिंडाच्या नळीपासून कॅन्सरकडे जाणारा बदल स्लाइडवर डोळ्यांनी दिसायला हवा, म्हणजे एका बाजूला शहाणी नळी, मग जरा बिघडलेली, मग पूर्ण बिथरलेली, अशी सलग रांग. तीन, जो चांगला भाग उरलाय त्यात रस तयार करणाऱ्या पेशींचे घोस आणि नळ्या दोन्ही नीट तयार झालेल्या हव्यात. आयएचसी म्हणजे पेशींतली ठरावीक प्रोटीनं रंगवून बघायची टेस्ट, नुसत्या तिच्या प्लस-मायनसवर हे ठरत नाही, लहान आतड्याचा साधा कॅन्सरही कधीकधी सीके७ पॉझिटिव्ह येतो. खरं उत्तर त्या रांगेत असतं. रिपोर्टच्या 'मायक्रोस्कोपी' परिच्छेदात अस्तराबद्दल काय लिहिलंय बघा. कॅन्सर आतड्याच्या अस्तरातून निघाला असता तर अस्तरावरच सुरुवातीच्या खुणा असत्या, या प्रकारात बऱ्याचदा अस्तर वरून शाबूत आणि सगळा उद्योग खालच्या स्नायूच्या थरांत.

त्यामुळेच दुर्बिणीत काही दिसलं नाही. वरची दुर्बीण ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागापर्यंत जाते, खालची लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जेमतेम डोकावते, मधलं काही मीटर आतडं दोन्हींना दिसतच नाही. आणि पोचली असती तरी वरून घेतलेल्या चिमूटभर बायप्सीत शाबूत अस्तरच आलं असतं. झोपेच्या गोळीचं समर्थन करत नाहीये. ७.८ हिमोग्लोबिन, वजन उतरतंय आणि दोन्ही दुर्बिणी साफ, इथं लहान आतड्याचा सीटी व्हायलाच हवा होता.

एक महत्त्वाचा प्रश्न, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. सीटीमध्ये मूळ स्वादुपिंडाबद्दल काय लिहिलंय? कारण स्वादुपिंडाचा कॅन्सर तिथून आतड्यात पसरला असेल तर आयएचसी अगदी अस्संच येतं. तातडीच्या रात्री काढलेला सीटी सगळं लक्ष त्या अडथळ्यावर ठेवून वाचलेला असतो, कुणाचा दोष नाही त्यात. तो परत नीट वाचून घ्या किंवा स्वादुपिंडासाठीचा खास सीटी करा.

---

देशी_उपाय_१०१

केमोच्या नादी लागू नका, शरीर पोखरून निघतं. गव्हांकुराचा रस आणि एक अर्क आहे, ४० दिवसांत गाठ विरघळते, माझ्याकडे मिळेल, व्यनि करा.

---

खडूस_आजोबा

गाठ ट्रेमध्ये काढून ठेवली होती असं पोराने वर लिहिलंय, ती आता कुठली विरघळवताय? संपादक, ह्या इसमाचा प्रतिसाद उडवा.

---

कृष्णाकाठचा_पिंट्या

सूक्ष्मदर्शी मॅडम, काय आभार मानू. पाभरीचं उदाहरण बहिणीला वाचून दाखवलं, ती म्हणाली दोन महिन्यांत कोणी एवढं बोललं नाही आमच्याशी.

मायक्रोस्कोपीत 'ओव्हरलाइंग म्युकोझा अनरिमार्केबल, ट्रान्झिशन फ्रॉम बिनाइन डक्ट्स सीन' असं आहे, म्हणजे तुम्ही म्हणताय ती रांग तीच ना? अजून 'हाइनरिख टाइप १' पण लिहिलंय. सीटीत स्वादुपिंडाबद्दल एकच ओळ, 'पॅन्क्रियाज ग्रॉसली नॉर्मल'. हे ग्रॉसली म्हणजे काय, ढोबळमानानं? ढोबळमानानं नॉर्मल तर आई पण होती की.

आणि रिपोर्टची दुसरीकडून खात्री करायची असेल तर काय नेऊ, टाटाला जायचं म्हणतोय.

---

सूक्ष्मदर्शी

हो, रांग तीच, चांगला रिपोर्ट दिसतोय. हाइनरिख म्हणजे १९०९ चं वर्गीकरण, त्या तुकड्यात काय काय आहे त्याचं. टाइप १ मध्ये रस करणारे घोस, नळ्या आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशींची बेटं, तिन्ही असतात, म्हणजे अख्खं छोटं स्वादुपिंडच. टाइप २ मध्ये बेटं नसतात, टाइप ३ म्हणजे नुसत्या नळ्या. उपचारावर यानं फरक पडत नाही, पण बघणाऱ्यानं मनापासून बघितलंय एवढं कळतं.

ग्रॉसलीवर समाधान मानू नका, स्वादुपिंडाचा वेगळा सीटी सांगून करून घ्या.

टाटाला किंवा कुठंही जाताना नुसता कागद नेऊ नका, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही घ्या. ब्लॉक म्हणजे तो छोट्या प्लास्टिकच्या जाळीवर बसवलेला मेणाचा चौकोन, त्यात आईंचा तुकडा असतो. लॅबला लेखी अर्ज दिला की मिळतात, नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या. गाठीचे आणि मूळ तुकड्याचे, दोन्हीचे मागा, लोक फक्त गाठीचा एक ब्लॉक उचलून आणतात आणि मग ती रांग आम्हाला दिसतच नाही. मेण साधारण ५६ डिग्रीच्या आसपास वितळतं, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. एकदा एका गृहस्थांनी असंच ठेवलेलं पाकीट माझ्या टेबलावर आणून दिलं होतं, आत मेणाचा एकच गोळा.

---

वॉर्डातला_उंदीर

ऑन्कोसर्जरीत आहे, ड्यूटी संपवून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पिंट्या, दोघांतला एक चुकतोय हे डोक्यातून काढ. असल्या केसेस जगभरात इतक्या तुरळक आहेत की यांच्यावर केमोची ट्रायल कधी झालीच नाही, होणारही नाही, एकेक दोनदोन पेशंटचे रिपोर्ट छापून येतात तेवढेच. मग डॉक्टर काय करणार, शेजारचं पुस्तक उघडणार. एकानं लहान आतड्याचं उघडलं, लसीका गाठींमध्ये लागण असली की तिथं ५-एफयू किंवा केपसायटाबिनसोबत ऑक्झॅलिप्लॅटिन देतात, म्हणजे केपॉक्स. दुसऱ्यानं स्वादुपिंडाचं उघडलं, तिथं फ्रान्स आणि कॅनडातली ४९३ पेशंटची ट्रायल आहे, २०१८ ला छापून आली, ऑपरेशननंतर बदललेलं फोलफिरिनॉक्स दिलेल्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) ५४ महिने आणि नुसतं जेमसायटाबिन दिलेल्यांचं ३५. फरक मोठा आहे, त्यामुळे तो डॉक्टर तसं म्हणणारच. पण त्या ट्रायलमध्ये तब्येतीनं खणखणीत माणसंच घेतली होती.

आता गंमत बघ. फोलफिरिनॉक्समधून इरिनोटेकान काढलं तर उरतं काय, ५-एफयू आणि ऑक्झॅलिप्लॅटिन, आणि केपसायटाबिन म्हणजे ५-एफयूचीच गोळी. म्हणजे दोन डॉक्टरांत भांडण एका औषधाचं आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न, माझ्या आईला ते तिसरं झेपेल का. ७ किलो उतरलेली, रक्त कमी, नुकतं पोट उघडलेलं. इरिनोटेकाननं जुलाब होतात, पांढऱ्या पेशी पडतात. घरापासून दवाखाना किती लांब, रात्री दोनला ताप भरला तर पोचायला किती वेळ, हे पण डॉक्टरला सांग. आम्ही लोक हे विचारायला विसरतो.

केपॉक्स २१ दिवसांचं चक्र, एक दिवस सलाइन मग १४ दिवस गोळ्या मग ७ दिवस सुट्टी. फोलफिरिनॉक्स दर १४ दिवसांनी, पंप लावून ४६ तास.

उशीर अजून झालेला नाही, सहा ते आठ आठवड्यांत सुरू करतात, जखम भरून थोडं खाणं सुधारायला तेवढा वेळ लागतोच. त्या वेळात ब्लॉक दाखवून घे, सीटी करून घे, सीए १९-९ ही रक्ताची टेस्ट एकदा करून ठेव, पुढं तुलना करायला. त्या टेस्टवर निदान ठरवू नको, काही माणसांच्या रक्तात ती मुळात तयारच होत नाही. आणि ब्लॉकवर एमएमआर नावाची, डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रोटीनची टेस्ट सांग.

तुझा आनुवंशिकतेचा प्रश्न त्याच टेस्टशी जोडलेला आहे. चुकार तुकडा असणं हे घराण्यात चालत येत नाही, तुझ्या पोटात शोधत बसायची गरज नाही. पण एमएमआरमध्ये प्रोटीन गायब निघालं तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरच्या धोक्याचा, विचार करावा लागतो, मग तुझी आणि बहिणीची तपासणी येते, आणि आईसाठी औषधाचा एक वेगळा रस्ता पण उघडतो. स्वादुपिंडाच्या बाजूनं बघायचं तर बीआरसीए या जीनची तपासणी पण विचारून घे. घरात मामा-मावशीत कोणाला आतड्याचा, गर्भाशयाचा, स्तनाचा कॅन्सर झालेला का, हे आज आजीकडे बसून लिहून काढ.

टीएनएमबद्दल (गाठ किती खोल, लसीका गाठींत किती, दूर पसरली का याची मोजणी), लहान आतड्याच्या हिशोबानं टी३ एन१ म्हणजे स्टेज ३ए. १४ गाठी काढून तपासल्यात हे चांगलं, मध्यरात्रीच्या ऑपरेशनात कधीकधी चारपाचच मिळतात. तुझ्या सर्जननं आतड्याबरोबर मेसेंटेरी, म्हणजे आतड्याला धरून ठेवणारा पडदा, पण नीट घेतलेली दिसते. त्याला माझा नमस्कार सांग.

---

सोलापुरी_चादर

पिंट्यादादा, माझ्या वडिलांना लहान आतड्याचाच, पण साधा, चुकार-बिकार नाही, केपॉक्सची आठही चक्रं झाली, आता तीन वर्षं होतील. डॉक्टरी वर दोघांनी सांगितलंच आहे, मी स्वयंपाकघरातलं सांगते.

ऑक्झॅलिप्लॅटिन सुरू झालं की गार वस्तूचं वैर धरावं लागतं. डॉक्टर सांगतात "कोल्ड सेन्सिटिव्हिटी होईल" पण घरी आल्यावर कळतं म्हणजे काय. पहिल्या सलाइननंतर दुसऱ्या दिवशी बाबांनी सकाळी फ्रीजमधून दुधाची पिशवी काढली आणि एकदम सोडून दिली, फरशीभर दूध. म्हणाले शॉक बसला. खरंच करंटसारखं वाटतं म्हणे. माठातलं पाणी घोटभर प्यायले तर घसा आवळला, श्वास अडकल्यासारखं झालं, आम्ही घाबरून फोन केला तर नर्स म्हणाली कोमट पाणी द्या, बसतं ते. तेव्हापासून पहिले चारपाच दिवस सगळं कोमट. तुमच्या आई पहाटे नळाच्या गार पाण्यात भांडी घासत असतील, हिवाळ्यात अंगणात, तर ते बंद. फ्रीजच्या मुठीला मी जुना मोजा बांधला होता, हसू नका.

केपसायटाबिनच्या गोळ्या पोटभर खाल्ल्यावर अर्ध्या तासात, सकाळ-संध्याकाळ. तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर चोळायचं, अनवाणी फिरायचं नाही. आई शेतात जात असतील तर फारच.

खाण्याचं म्हणाल तर एकदम ताटभर नको, थोडं थोडं पाचसहा वेळा. मऊ भात, मूगडाळ, अंडं चालत असेल तर अंडं. २२ सेंटिमीटर गेलं म्हणून घाबरू नका, आमचं त्याहून जास्त गेलं, डॉक्टर म्हणाले उरलेलं आतडं काम उचलून घेतं.

मुंबईला जाणार असाल तर राहायचं आधी बघा. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या पेशंटसाठी, पण गर्दी असते, आधी चौकशी करून जा. आणि फुले योजनेत काय काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे आधीच विचारा, रेशनकार्ड आधारकार्ड झेरॉक्सचा गठ्ठा जवळ ठेवा.

अजून एक, आईला सांगा. मी बाबांना दोन महिने सांगितलं नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तेच गप्प होते.

---

खडूस_आजोबा

एक अडाणी शंका. स्वादुपिंडाचा म्हटलं की कावीळ होते ना? आमच्या मेव्हण्याला तसंच झालं होतं, डोळे हळदीसारखे. मग यांना का नाही झाली?

---

सूक्ष्मदर्शी

शंका अडाणी नाही आजोबा. पित्ताची नळी मूळ स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन ड्युओडेनमला मिळते, तिथं गाठ झाली की नळी दबते आणि कावीळ. पिंट्याच्या आईंची गाठ त्याच्या बऱ्याच पुढं, तिथं दाबायला पित्ताची नळीच नाही. तिथं दबलं ते आतडं, म्हणून मुरडा आणि उलट्या. हाच चुकार तुकडा ड्युओडेनममध्ये नळीच्या तोंडाशी असता तर कावीळ झाली असती आणि ऑपरेशनही फार मोठं, व्हिपल म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि ड्युओडेनम काढायचं, करावं लागलं असतं.

---

कृष्णाकाठचा_पिंट्या

अपडेट द्यायला उशीर झाला, पाच आठवडे मुंबई-कराड-मुंबई चाललंय.

ब्लॉक मिळाले, लॅबवाला आधी एकच देत होता, सूक्ष्मदर्शी मॅडमनी सांगितलं म्हणून अडून बसलो तेव्हा दुसरा दिला. स्टीलच्या जेवणाच्या डब्यात कापूस घालून ठेवले आणि एसटीत डबा मांडीवर. शेजारचे काका विचारत होते लोणचं आहे का. टाटाला परत बघितलं, निदान तेच. स्वादुपिंडाचा सीटी केला, पॅन्क्रियाज साफ, ह्यावेळी ग्रॉसली शब्द नाही. एमएमआर चारी प्रोटीन जागेवर, बीआरसीएचा रिपोर्ट यायचाय. आजीकडे बसून यादी केली, एक चुलत मामा घशाचा, तंबाखू खायचा, बाकी कोणी नाही.

वॉर्डातला_उंदीर भाऊ, तुम्ही सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला. मोठ्या डॉक्टरांनी आईला टेबलावर झोपवलं नाही की काही नाही, दारातून आत येताना चालत बघितलं, खुर्चीतून उठून दाखवा म्हणाले, हात दाबायला लावला. मग म्हणाले केपॉक्स. तिसऱ्या औषधाला आत्ता वजन पुरत नाही. पहिल्या डॉक्टरांना कळवलं, ते पण हो म्हणाले, सलाइन कराडलाच घ्यायचं ठरलंय.

आईला सांगितलं. बहिणीनं सांगितलं, मी बाहेर गाडी पुसत होतो. आई म्हणाली कॅन्सर हाय हे मला त्या मुंबईच्या पाटीवरच कळलं, मला वाचता येतं. मग तिला ते पाभरीचं पण सांगितलं, तर म्हणाली बांधावरचं उपटून टाकलं न्हवं, मग झालं तर.

पहिलं सलाइन परवा झालं. सोलापुरी_चादर ताई, फ्रीजला मोजा बांधलाय, माझा क्रिकेटचा. आज सकाळी तिनं सवयीनं पितळी तांब्या उचलला आणि टाकला, आता ती सगळ्या भांड्यांना पदरानं धरते. एकच राहिलं विचारायचं, ती ताकाशिवाय जेवत नाही. कोमट ताक कसं द्यायचं, फुटतं ना ते?

---

सोलापुरी_चादर

ताजं घुसळलेलं, फ्रीजमध्ये न ठेवलेलं द्या, गरम करायचंच नाही. घरातल्या नेहमीच्या हवेइतकं असलं की बाबांना चालायचं. अगदीच गार लागलं तर कढी करा, बेसन लावलं की फुटत नाही.